हा आठवडा काढला तर

सोमवार, ४ नोव्हेंबर

आजपासून बैठक सुरू. निवृत्त होऊन सात महिने झाले आणि ते सगळे "आता बसतो, मग बसतो" म्हणण्यात गेले. परवा ठरवलं, की विमा कंपनीत तीस वर्षं ज्या शिस्तीने जळालेली गोदामं तपासली, त्याच शिस्तीने कादंबरी लिहायची. माझं सगळं काम एका प्रश्नाचं होतं: आग लागली की लावली? दावा करणारा रडो नाहीतर छाती पिटो, मी राखेत काडी घालून बघायचो. पुराव्याशिवाय मी कुणाला हो म्हटलं नाही. कादंबरीही एका गोदामाच्या आगीचीच आहे. डोक्यात सगळी तयार आहे, नुसती उतरवायची बाकी आहे.

दिनक्रम असा. पहाटे उठणं, थंड पाण्याने तोंड धुणं, कोपऱ्यापर्यंत फेरी, अंघोळ. मग मागच्या खोलीत टेबल पुसायचं, पेन्सिलींना टोक काढायचं, थर्मासमधला अर्धा कप चहा घ्यायचा आणि दार लावायचं. बारापर्यंत दार उघडणार नाही. मन स्वच्छ राहावं म्हणून वर्तमानपत्र बंद केलं आणि मोबाइल बायकोच्या स्वाधीन केला. पहिला खर्डा होईपर्यंत घरातली, नात्यातली, गल्लीतली कुठलीही बातमी माझ्या कानावर येता कामा नये, असं काल जेवताना जाहीर करून टाकलं. "कुणी मेलं तरी मला सांगायचं नाही," मी म्हणालो. ही "बरं" म्हणाली आणि वाढत राहिली. इतकं चटकन कबूल झालेलं मला कधीच आवडत नाही.

हिचा मोठा भाऊही काल जेवायला होता. एकटा जीव, दर रविवारी आमच्याकडे जेवतो. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली, त्यामुळे लग्नपत्रिका हातात आली तरी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघणार आणि मग नवरा-नवरीची नावं. तोंडावर मी त्यांना दादा म्हणतो, मनात कानामात्रा. फार वर्षांपूर्वी मी एक गोष्ट लिहून त्यांना वाचायला दिली होती. लाल पेन्सिलीच्या खुणांनी भरून परत दिली आणि म्हणाले, "जावईबापू, अहवाल उत्तम आहे." त्यानंतर मी गोष्ट लिहिली नाही. काल म्हणाले, "बसा, बसा. तुम्ही लिहा, मी वाचतो." चेहरा अगदी सरळ होता, पण त्यांचा चेहरा नेहमीच सरळ असतो, त्यावरून काही सिद्ध होत नाही. या माणसाने माझी कादंबरी शेवटपर्यंत वाचावी आणि एकही खूण न करता परत द्यावी, एवढंच मला हवं आहे.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

हिच्या शिलाई मशीनचा आवाज भिंतीतून येतो. पडदे, गणवेश, उशांचे अभ्रे, दिवसभर खडखड चालू. सकाळी मशीन बंद ठेव म्हणून सांगितलं. "दुपारी शिवीन," म्हणाली. कुरकूर नाही, टोमणा नाही. नोंद करून ठेवतो.

टेबल खिडकीसमोर होतं ते भिंतीसमोर केलं. मग भिंतीवर खिळ्याचं भोक दिसायला लागलं. ते बुजवलं. आता बुजवलेली जागा दिसते.

पहिलं वाक्य लिहिलं: "आग पहाटे लागली."

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

"लागली" लिहिलं तर मी वाचकाशी खोटं बोललो. "लावली" लिहिलं तर पहिल्याच ओळीत गुपित फुटलं. सकाळभर दोन्ही लिहून बघितली. तीस वर्षं ज्या प्रश्नावर पोट भरलं तोच आता पोटावर बसला आहे.

बुधवार, १३ नोव्हेंबर

तयारीत सुधारणा केल्या. हात मोकळा व्हावा म्हणून आधी जुन्या अहवालाचं एक पान नकलून काढायचं. मग डोळे मिटून शांत बसायचं. मग कालचं लिखाण वाचायचं, पेन्सिली पुन्हा तपासायच्या, आणि मगच कोरा कागद. हे सगळं नीट केलं की अकरा वाजून जातात. घाईत केलेली तयारी तयारीच नव्हे. लिखाण सव्वा पान झालं आहे. मजकूर घट्ट आहे.

एक गोष्ट खटकते. मशीन दुपारीही बंद असतं. बाहेरच्या खोलीत निळ्या पडद्यांचं कापड पडलंय, त्याची घडी चार दिवस जशीच्या तशी आहे. मी दार लावलं, की थोड्याच वेळात बाहेरच्या दाराची कडी हलकेच वाजते. माणूस दाराची कडी हलकेच का लावतो? दुसऱ्याला कळू नये म्हणून. दुसरं कारण मी तरी कधी पाहिलेलं नाही.

रविवारी दादा जेवायला आले नाहीत. "का गं?" म्हणून विचारलं तर ही भाजी ढवळत म्हणाली, "बातमी नको ना तुम्हाला?" जीभ बरी चालते हिची. मीही मग विचारलं नाही. नियम म्हणजे नियम.

शनिवार, १६ नोव्हेंबर

गोदामाचं कुलूप खरंच कुणी उघडलं नव्हतं का, हे बघायची माझी एक पद्धत होती. कडीत एक बारीक दोरा अडकवून ठेवायचा. परवा मी टेबलाच्या खणाला हिच्याच रिळातला दोरा लावून ठेवला. खणात माझं सव्वा पान असतं, शेजारी लाल पेन्सिल. आज दोरा तुटलेला. पान जागेवर होतं, पण लाल पेन्सिल गायब.

"लाल पेन्सिल कुठे गेली?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घेतली असेन कशाला तरी."

"कशाला?"

"अहो, पेन्सिलच ती. दुसरी आणा."

घेतली असेन! ज्यांनी आग लावलेली असायची ते सगळे असेच बोलायचे. "दिवा राहिला असेल." "वायर जुनी असेल." ज्याने काही केलेलं नसतं तो "असेल" म्हणत नाही, तो भांडतो. आता लाल पेन्सिल कुणाला लागते? आमच्या अख्ख्या नात्यात तिचं काम असलेला एकच इसम आहे. बाई माझं पान उतरवून घेऊन भावाकडे पोचवते आहे, याची मला जवळजवळ खात्री झाली आहे. म्हणूनच ते जेवायला येत नाहीत. वाचलेल्या माणसाला लिहिणाऱ्यासमोर बसवत नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

पुरावा मिळाला. पाणी प्यायला म्हणून दार किलकिलं केलं तर ही स्वयंपाकघरात फोनवर लेकीशी बोलत होती. लेक याच शहरात असते, नोकरीला जाण्याआधी आईला फोन करते. ऐकलं ते शब्दशः लिहून ठेवतो.

"दादाला काही पचत नाही गं. घेतलं की उलटून टाकतो." मग तिकडचं ऐकून, "हो. हा आठवडा काढला तर वाचेल." मग अगदी हळू आवाजात, "नको, बाबांना नको सांगूस. बैठक मोडेल त्यांची. आत्ता कुठे बसलेत."

मी पाणी न पिताच परत येऊन बसलो. पचत नाही! हातात घेतलं की पान उलटं करून ठेवतात! आणि साहेबांना सव्वा पान वाचायला आठवडा काढावा लागणार, तोही काढला तर! छापखान्यात रात्रीत आख्खं पुस्तक तपासायचे म्हणून फुशारकी मारायचे. माझं म्हटलं की मात्र वेळ नाही. आणि या दोघी माय-लेकी माझ्यापासून लपवताहेत, लहान मुलापासून औषधाची बाटली लपवावी तशी.

वाईट वाटलं. रागाच्या आधी वाईट वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही. मला वाटलं होतं, या वेळी तरी वाचतील.

बुधवार, २० नोव्हेंबर

सापळा लावला. एका कागदावर मुद्दाम चुका करून लिहिलं: "आग पाहाटे लागलि." खणात वरच ठेवलं. हे वाक्य बघून कानामात्राचा हात शिवशिवल्याशिवाय राहणार नाही. जिथे हे पान जाईल तिथून ते लाल होऊन येईल.

तयारी व्यवस्थित चालू आहे. नक्कल आता दोन पानं करतो.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

कागदाला हात लागलेला नाही. दोराही शाबूत. म्हणजे मला वाटलं त्यापेक्षा हे लोक हुशार आहेत.

बाकीची निरीक्षणं. एक, मोठा थर्मास घरात नाही, माझा चहा आता लहान थर्मासमध्ये येतो. दोन, हिच्या कपड्यांना फिनेलसारखा वास येतो. दादा मुळात टापटिपीचे, लादी दिवसातून दोनदा पुसतात, त्यामुळे त्यांच्याकडे ही जाते हे सिद्ध. तीन, रोज सकाळी मऊ भात शिजतो, तो दुपारी पानात दिसत नाही. चार, आमटीत मीठ नाही. सांगितलं तर म्हणाली, "वरून घ्या." डोळे सुजलेले. कांदा म्हणावा तर आमटीत कांदाही नव्हता.

संध्याकाळी लेक येऊन गेली. जाताना उगाच माझ्या गळ्यात पडली. "बाबा, तुम्ही लिहा हं. तुम्ही नका काळजी करू." मी काळजी करतोय असं हिला कुणी सांगितलं? पुस्तक इतकं वाईट आहे का, की पोटच्या पोरीने सांत्वनाला यावं?

सोमवार, २५ नोव्हेंबर

आज सोक्षमोक्ष लावला. आठवडा संपला होता आणि कुणी काही बोलत नव्हतं. दुपारी जेवायला बसलो. ही समोर बसून भात चिवडत होती. मी म्हणालो, "मला सगळं कळलंय. दादांचं."

तिचा हात थांबला. चेहरा पांढराफटक पडला. आरोपी कबुलीच्या आधी असाच दिसतो.

"कधी कळलं?"

"गेल्या सोमवारी. फोनवर बोलत होतीस तेव्हा."

"आठवडा झाला?" ती म्हणाली. "आणि तुम्ही काही बोलला नाहीत? माझ्याशी? मी आपली एकटी..." तिचे डोळे भरून आले. "मला वाटत होतं, तुम्हाला कळलं तर तुम्ही धावत याल."

"मी कशाला धावत येऊ? माझ्या पाठीमागे सगळं चाललं होतं ना? मग चालू दे. ते वाचोत न वाचोत, माझं काय अडतंय?"

ती नुसती बघत राहिली. मला वाटलं आता भांडेल. मग म्हणाली, "काय म्हणालात?"

"ऐकलंस ते. नाही वाचले तर नाही. जगात दुसरी माणसं आहेत."

उष्ट्या हातानेच उठली. पर्स घेतली, चपला घातल्या. दारातून वळून म्हणाली, "माणूस आहात की कोण आहात हो तुम्ही?" आणि गेली. या वेळी कडी हलकेच लावली नाही.

भावाच्या पुस्तकी मताबद्दल एवढा अभिमान! लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी बाजू म्हणून काही आहे की नाही? आमटी आज खारट होती, आणि मी काहीही न बोलता खाल्ली.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

काल ही घरी आली नाही. सकाळी उठलो, पण फेरी मारली नाही. टेबल पुसलं नाही. चहा स्वतः केला, तो उतू गेला.

अकराच्या सुमारास लेक आईचे कपडे न्यायला आली. माझ्याकडे न बघता कपाट उघडलं.

"आई तुझ्याकडे आहे?"

"आई कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे." पिशवी भरता भरता थांबली. "बाबा, तुम्ही आईला असं कसं बोललात? मामाबद्दल? भांडणं असतील, मला माहितेय तुमचं पटत नाही, पण असं?"

"मामाला एवढं लागलं असेल तर त्याने स्वतः यावं आणि माझ्या तोंडावर सांगावं."

"मामा कसा येईल?"

"कसा म्हणजे? चालत. नेहमी येतो तसा."

लेक सावकाश वळली. माझ्याकडे असं बघितलं, की मला माझी गोदामं आठवली. बाहेरून धड दिसणाऱ्या भिंतीवर टिचकी मारून मी असाच कान द्यायचो. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला नक्की काय कळलंय?"

मी उत्तर देणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो आई, निघालेच," म्हणत ती पिशवी उचलून जिना उतरलीसुद्धा.

नक्की काय कळलंय? हा माझा प्रश्न होता. नोकरीत नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हाच विचारायचो. तुला काय वाटतं ते राहू दे, नक्की काय कळलंय ते सांग. तेव्हा टेबलाशी बसलो आणि एकेक पुरावा समोर ठेवला. मऊ भात. फिनेलचा वास. न शिवलेले पडदे. रडलेले डोळे. मोठा थर्मास.

सव्वा पान वाचायला थर्मास कशाला लागतो?

मग तिचं वाक्य पुन्हा म्हणून बघितलं. दादाला काही पचत नाही. घेतलं की उलटून टाकतो. हा आठवडा काढला तर वाचेल. आणि त्यानंतर माझं वाक्य. ते मी मोठ्याने म्हणू शकलो नाही.

शेजाऱ्यांचा फोन मागून घेतला आणि लेकीला लावला. "कुठल्या इस्पितळात?" एवढंच विचारलं. तिने माझेच शब्द परत म्हटले. मग म्हणाली, "बाबा, म्हणजे तुम्हाला...?" आणि रडायला लागली. मीही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

कालचं आज लिहितोय. काल लिहिण्याच्या परिस्थितीत नव्हतो.

पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. आधी साधी कावीळ वाटली, मग ताप चढला आणि विष अंगात पसरलं. मी पेन्सिलींना टोक काढत होतो त्या आठवड्यातलं हे सगळं. तो आठवडा त्यांनी कसाबसा काढला. आता ताप उतरलाय, शुक्रवारी ऑपरेशन. अजून धोका आहेच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वॉर्डात शिरलो तर ही पलंगाजवळ स्टुलावर बसून थर्मासच्या टोपणात काहीतरी ओतत होती. मला बघितलं आणि मान फिरवली. दादा उशीला टेकून होते. हळदीसारखे पिवळे, गालफडं बसलेली, पांघरुणाखाली माणूस आहे की नुसती घडी आहे असं वाटावं इतके बारीक. उशाशी माझी लाल पेन्सिल. वॉर्डातल्या सूचनेचा कागद त्यांनी मागून घेतला होता आणि त्यावर जागोजाग खुणा केल्या होत्या.

"या जावईबापू," ते म्हणाले. आवाज खोल गेलेला. "बैठक मोडलीत?"

मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. दोरा, सापळा, फोन, सगळं. "मला वाटलं, वाचेल म्हणजे... वाचेल. पान. माझं पान," मी म्हणालो. एवढा मोठा माणूस मी, आणि वर्गात उभं केल्यासारखा अडखळत होतो.

दादा हसायला लागले. हसताना दुखत होतं, पोटावर हात दाबून धरून हसत होते. "दोन्हीला एकच क्रियापद," ते म्हणाले. "ही चूक मलासुद्धा सापडली नसती. शुद्धलेखन बरोबर आहे ना!"

ही हसली नाही. टोपण खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हा दोघांना गंमत वाटतेय. पंधरा दिवस मी रोज इथे येऊन बसतेय. घरी येऊन हळूच कडी लावतेय, हळूच भांडी घासतेय, तुमची समाधी मोडू नये म्हणून. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आणि तुम्ही आत बसून माझ्यावर पाळत ठेवत होतात?" मग आवाज फाटला. "एकदा तरी नुसतं विचारायचं होतंत. 'काय झालं गं?' एवढंच."

तिचा हात धरायला गेलो तर तिने काढून घेतला.

"तिला बोलू नका हो काही," दादा म्हणाले. खरं तर मी काहीच बोलत नव्हतो. "सांगू नकोस म्हणून मीच म्हटलं होतं. म्हटलं, माणूस पहिल्यांदा बसलाय, उठवायला नको. मी आहे की जातोय ते कळेलच यथावकाश." मग म्हणाले, "त्या जुन्या गोष्टीला मी अहवाल म्हणालो, ते तुम्ही मनाला लावून घेतलंत. पुढची आणाल म्हणून वाट बघत होतो. आणलीच नाहीत. ते जाऊ दे. आता किती पानं झाली?"

मी हिच्याकडे बघितलं. ही भिंतीकडे बघत होती.

"सव्वा," मी म्हणालो.

"सव्वाशे?"

"सव्वा."

आता मात्र ते इतके हसले की नर्स धावत आली आणि मला बाहेर काढलं. दारातून वळून बघितलं तर हिचा खांदा हलत होता. हसत होती की रडत होती ते मागून समजलं नाही, आणि अंदाज करायचा मी प्रयत्न केला नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

सकाळी त्यांना आत नेलं. कालपासून ही माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा घेता का, पिशवी धरा, तिकडे सरका. मी सरकतो. इस्पितळाच्या या बाकाला पाठ नाही, समोर भिंत आहे, मागून चाकांच्या खाटा जातात, कुणाचं तरी मूल सतत रडतंय. दादा सकाळपासून आत. कितीदा उठलो आणि बसलो, आठवत नाही. देवाचं नाव घेतलं नाही, पण काहीतरी म्हणत होतो. कानामात्रा म्हणत होतो बहुतेक.

दुपारी ही पाण्याची बाटली भरायला खाली गेली आणि नेमक्या तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तोंडावरचा मास्क खाली केला. मी उभा राहिलो. "झालं सगळं नीट," त्या म्हणाल्या. "रक्तदाब चांगला आहे. शुद्धीवर येताहेत. घाबरायचं कारण नाही आता."

मी जिन्याकडे पळालो. या वयात दोन दोन पायऱ्या उतरलो. ही वर येत होती. "वाचले!" मी म्हणालो. "दादा वाचले. सगळं नीट झालं."

ती जिन्यातच थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तिला आनंद झाला नाही. तिने बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"खरं सांगा."

"खरंच सांगतोय. डॉक्टरीणबाई आत्ता म्हणाल्या."

"तुम्ही असं बोलत नाही," ती म्हणाली. "तुम्ही कधी कशाला सरळ हो म्हणत नाही. पाऊस पडत असला तरी खिडकीतून हात काढून बघता. मला समजवायला म्हणताय ना? काय झालंय? काय लपवताय?"

"अगं, शप्पथ. काही लपवत नाही."

"मग हात का थरथरतोय तुमचा? डोळे का ओले आहेत?"

काय सांगणार? चांगल्या बातमीनेही हात थरथरतो, हे मी कधी कुणाचं ऐकून घेतलं होतं? कितीतरी माणसं माझ्यासमोर अशीच उभी राहिली असतील, खरं तेच सांगत, आणि मी त्यांच्या थरथरत्या हाताची नोंद करत होतो. "चल, तूच बघ," मी म्हणालो.

ती माझ्या पुढे गेली. डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं. मग नर्सला विचारलं. मग त्या नर्सने जे सांगितलं ते दुसऱ्या नर्सला विचारलं. शेवटी काचेच्या दारापाशी जाऊन कपाळ टेकवून उभी राहिली. मी मागे उभा होतो. आत दादांची छाती वरखाली होत होती. ती ते बघत राहिली, खूप वेळ, एकदा दिसलं तेवढ्यावर तिचा विश्वास बसत नव्हता. मी घाई केली नाही.

मग ती वळली. चेहरा सगळा ओला झाला होता. माझ्या शर्टाची बाही धरली, ओढली, आणि आपल्याला आत्ताच कळलेली बातमी घाईघाईने मला सांगितली.

"अहो, दादा वाचला."

"हो का?" मी म्हणालो. "काय झालं गं? सगळं सांग."

तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.